आपल्या गावचे बंद पडलेले रेल्वे स्टेशन



परिसर अभ्यासात गुरुजींनी आम्हाला आपल्या गावातील एका जुन्या वस्तूची माहिती गोळा करायला सांगितली. कोणी पाराची माहिती आणली, कोणी जुन्या विहिरीची. माझ्या वाट्याला स्टेशन आले. माहिती मिळवण्यासाठी मी तीन जणांना भेटले. एक माझे आबा, दुसरे आपल्या गावचे गँगमन आजोबा आणि तिसरी माझी आत्या. बाकीची माहिती गुरुजींनी सांगितली. ती सर्व मी येथे लिहिली आहे.

स्टेशन कोठे आहे ?

आपले स्टेशन गावाच्या उगवतीला आहे. फाट्याकडे जाणारा रस्ता जेथे रूळ ओलांडतो तेथेच ते आहे. स्टेशन म्हणजे एकच खोली आणि तिच्यापुढे ओसरी. भिंती दगडी आणि छप्पर टिनाचे. मोठ्या स्टेशनासारखा उंच फलाट नाही. जमिनीपेक्षा वीतभर उंच मुरमाचा ओटा आहे, तोच फलाट. आम्ही चौथीच्या मुलांनी तो पावलांनी मोजला. माझी १४२ पावले भरली. तिकीट खिडकी अजून आहे, पण तिचे दार नाही. नावाची पाटी गंजली आहे. आता फलाटावर बाभळी उगवल्या आहेत आणि दुपारी तेथे बकऱ्या बसतात.

ही कोणती रेल्वे ?

या रेल्वेचे लाडके नाव शकुंतला. मूर्तिजापूर हे तिचे मधले ठिकाण. तेथून तिचे दोन फाटे निघतात. एक फाटा कारंजा, दारव्हा या गावांवरून यवतमाळला जातो. तो ११३ किलोमीटर लांब आहे. दुसरा फाटा दर्यापूर, अंजनगाव, पथ्रोट या गावांवरून अचलपूरला जातो. तो सुमारे ७६ किलोमीटर आहे. आपले गाव या दुसऱ्या फाट्यावर, दर्यापूरच्या अलीकडे आहे. दोन्ही फाट्यांची बेरीज करा. ११३ अधिक ७६ म्हणजे १८९ किलोमीटर. म्हणजे ही रेल्वे अकोला, वाशीम, यवतमाळ आणि अमरावती या चार जिल्ह्यांतून जाते. दर्यापूरच्या स्टेशनाचे नाव मात्र बनोसा आहे. नवा माणूस तेथे फसत असे, असे आबा सांगतात.

रेल्वे आपल्याकडे का आली ?

आपल्या देशात माणसांची पहिली रेल्वे १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबईहून ठाण्याला गेली. पुढे रूळ वाढत वाढत १८६७ साली नागपूरपर्यंत आले. ती मोठी लाईन मूर्तिजापूरवरून जाते.

आता प्रश्न असा की, मोठी लाईन होती तर मग ही छोटी लाईन कशाला ? याचे उत्तर आपल्या शेतात आहे. ते उत्तर म्हणजे कापूस.

आपली जमीन काळी आहे. ती ओल धरून ठेवते, म्हणून आपल्या वऱ्हाडात कापूस चांगला येतो. इंग्लंड देशात मँचेस्टर नावाचे शहर आहे. तेथे व आजूबाजूला कापडाच्या पुष्कळ गिरण्या होत्या, पण तेथे कापूस पिकत नाही. थंडी फार असते. त्या गिरण्यांना अमेरिकेतून कापूस येत असे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले आणि तेथून कापूस येणे थांबल्यासारखे झाले. मग इंग्रज व्यापाऱ्यांनी वऱ्हाडच्या कापसाकडे डोळे लावले.

कापूस शेतातून निघाला की जिनिंगमध्ये जातो. तेथे सरकी वेगळी होते आणि रुई वेगळी होते. रुई प्रेसमध्ये दाबून तिच्या गाठी बांधतात. अंजनगाव, दर्यापूर, कारंजा, यवतमाळ येथून गाठी मोठ्या लाईनपर्यंत न्यायला बैलगाड्या लागत. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल कसा होतो ते आपणा सर्वांना ठाऊक आहे. बंडी आसापर्यंत रुतते. म्हणून विसाव्या शतकाच्या पहिल्या वीस वर्षांत ही छोटी रेल्वे तयार झाली. किलिक निक्सन नावाची इंग्रजांची एक कंपनी होती. तिने सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी काढली आणि या कंपनीने रूळ टाकले. आपल्या गाठी मूर्तिजापूरला मोठ्या गाडीत चढत, तेथून मुंबईला जात आणि मुंबईहून बोटीने इंग्लंडला जात.

गुरुजी म्हणाले, “तेथे त्याचे कापड होई आणि तेच कापड पुन्हा आपल्याच बाजारात विकायला येई.” म्हणजे कापूस आपला, घाम आपला आणि नफा त्यांचा. म्हणूनच गांधीजींनी चरखा चालवायला सांगितले, हे मला आता नीट समजले.

रूळ लहान का ?

दोन रुळांमधील अंतराला गेज म्हणतात. आम्ही टेप घेऊन गेलो आणि अंतर मोजले. ते ७६ सेंटिमीटर आणि वर २ मिलिमीटर, म्हणजे ७६२ मिलिमीटर भरले. मोठ्या लाईनचे अंतर १६७६ मिलिमीटर असते. माझी उंची १३२ सेंटिमीटर आहे. म्हणजे मी मोठ्या लाईनच्या दोन रुळांमध्ये आडवी मावेन, पण आपल्या शकुंतलेच्या रुळांमध्ये मावणार नाही. (हे फक्त गणित आहे. रुळांवर कोणीही झोपू नये.)

लहान रुळांचे फायदे असे :
१. रूळ हलके असतात, म्हणून लोखंड कमी लागते.
२. मातीचा भराव आणि पूल अरुंद असले तरी चालतात.
३. गाडी जवळच्या जवळ वळू शकते.
या सर्वांमुळे खर्च कमी येतो.

तोटे असे :
१. गाडी जोरात पळवता येत नाही.
२. डबे लहान, म्हणून ओझे कमी बसते.
३. छोट्या गाडीचा डबा मोठ्या रुळांवर जात नाही. त्यामुळे मूर्तिजापूरला सगळा माल एका गाडीतून उतरवून दुसऱ्या गाडीत चढवावा लागे. यात वेळ जाई आणि हमाली दोनदा लागे.

हा तिसरा तोटा लक्षात ठेवा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

इंजिन कसे होते ?

शकुंतलेचे प्रसिद्ध इंजिन १९२१ साली मँचेस्टर येथे तयार झाले. १९२३ साली ते या लाईनवर धावू लागले आणि १५ एप्रिल १९९४ रोजी ते थांबले. १९९४ मधून १९२३ वजा केले तर ७१ उरतात. म्हणजे ७१ वर्षे त्याने काम केले. आपल्या गावात एवढी वर्षे काम केलेला बैल नाही, मोटार नाही आणि पंपही नाही.

ते वाफेचे इंजिन होते. भट्टीत कोळसा जळे. त्या उष्णतेने बॉयलरमधील पाण्याची वाफ होई. वाफेला पाण्यापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, म्हणून ती दट्ट्याला ढकलते. दट्ट्या मागेपुढे होतो आणि त्याला जोडलेल्या दांड्यामुळे चाक फिरते. घरी भाताच्या भांड्यावरचे झाकण उडते ना, तीच ही शक्ती.

वाफेच्या इंजिनाला कोळशापेक्षाही पाण्याची चिंता जास्त असते. आपला भाग खारपाणपट्ट्यातला. विहिरीचे पाणी खारट आहे. खारट पाणी उकळले की भांड्याला पांढरा थर बसतो. तसाच थर बॉयलरला आतून बसतो आणि इंजिन खराब होते. म्हणजे आपल्यासारखेच इंजिनालाही गोडे पाणी लागे. १९९४ नंतर डिझेलचे इंजिन आले आणि पाण्याचे काम संपले.

गँगमन आजोबांनी सांगितलेली माहिती

गँगमन आजोबा आता फार थकले आहेत, पण रेल्वेचे नाव काढले की उठून बसतात. ते म्हणाले, “पोरी, गाडी सारे पाह्यतात. रूळ कोणी पाह्यत नाई. पण रूळ ढिला असन तर गाडी काय करन ?”

ते रोज सकाळी हातोडा आणि पाना घेऊन रुळाने पायी निघत. ढिली झालेली चावी ठोकत आणि बोल्ट आवळत. खडी सरकली असेल तर सारखी करत. पावसाळ्यात पुलाखाली पाणी किती आले ते पाहत. उन्हाळ्यात लोखंड तापून वाढते, म्हणून दोन रुळांच्या जोडावर थोडी फट ठेवतात. गाडी त्या फटीवरून जाताना खडाक् खडाक् वाजते. त्या आवाजावरून कोणता जोड ढिला आहे हे त्यांना घरी बसून कळे, असे ते म्हणाले.

मी विचारले, “आजोबा, गाडी किती जोरात पळे ?” ते हसले आणि म्हणाले, “पळे कायची, चाले.” मूर्तिजापूर ते अचलपूर ७६ किलोमीटर जायला सुमारे चार तास लागत. ७६ भागिले ४ म्हणजे १९. तासाला १९ किलोमीटर. सायकल जोरात मारली तर बरोबरी होते. पुष्कळ ठिकाणी फाटकावर वेगळा माणूस नसे. गाडी थांबे, गाडीतलाच माणूस उतरून फाटक लावी, गाडी पलीकडे जाऊन उभी राही, मग तो फाटक उघडून पुन्हा गाडीत चढे. लहान स्टेशनावर तिकीट द्यायलाही गार्डच येई.

आबा आणि आत्या काय म्हणाले ?

आबा म्हणाले, “आमच्याजवळ तवा घड्याळ कुठं होतं ? सकाळची गाडी गेली की बैलं सोडायची, अन् सांजची गाडी आली की घरी यायचं.” गाडीने लोक दर्यापूरच्या बाजाराला जात. पोते, टोपली, दुधाचा डबा असे सर्व सोबत घेता येई. कोणी म्हातारा माणूस शेतातून हात दाखवत येताना दिसला तर ड्रायव्हर थांबत असे. कारंजाला दत्तगुरूंच्या दर्शनाला जाणारे लोक मूर्तिजापूरला उतरून दुसऱ्या शकुंतलेत बसत. तिकीट एसटीपेक्षा पुष्कळ कमी असे. आजी म्हणते की, मजुरीच्या पैशात लेकराबाळांसह माहेरी जाऊन येता येई.

माझी आत्या आठवी ते दहावी दर्यापूरला शिकली. ती रोज शकुंतलेने जाई. आठवीत असताना कोळशाचे इंजिन होते. तिच्या पांढऱ्या सदऱ्यावर काळे ठिपके पडत, म्हणून ती खिडकीजवळ बसत नसे. नववीत गेली तेव्हा डिझेलचे इंजिन आले आणि सदरा पांढरा राहू लागला. त्या वेळी गावातील तीन मुली एकत्र जात. गाडीला उशीर झाला तर त्या स्टेशनाच्या ओसरीत बसून पाढे आणि व्याकरण पाठ करत. तिघीही दहावी पास झाल्या. माझी आत्या आता अंगणवाडी सेविका आहे.

मी तिला विचारले, “आत्या, आजोबांनी तुला एकटीला कसे जाऊ दिले ?” ती म्हणाली, “एकटी कुठं होती मी ? गार्डले आमचं नाव मालूम, स्टेशनावरच्या माणसाले मालूम, डब्यातल्या बायाइले मालूम. एक दिवस नाई गेलो तर दुसऱ्या दिवशी विचारत, काल काहून नाई आली ?”

मग गाडी बंद का पडली ?

याची कारणे मी क्रमाने लिहिते.

पहिले कारण रस्ते. डांबरी रस्ते झाले, एसटी आली, ट्रक आले. ट्रक जिनिंगच्या दारात येतो आणि गाठी थेट नेतो. रेल्वेने मात्र मूर्तिजापूरला माल उतरवून पुन्हा चढवावा लागे. वर मी तिसरा तोटा लक्षात ठेवा म्हटले होते, तो हाच. माल गेला आणि फक्त माणसे उरली. स्वस्त तिकिटाच्या माणसांवर रेल्वेचा खर्च भागत नाही.

दुसरे कारण मालकी. स्वातंत्र्यानंतर देशातील रेल्वे एकत्र करण्यात आल्या. ५ नोव्हेंबर १९५१ रोजी मध्य रेल्वे तयार झाली. पण शकुंतलेचे रूळ जुन्या कंपनीच्याच मालकीचे राहिले. गाडी चालवणारी सरकारी रेल्वे आणि रूळ मात्र कंपनीचे. गुरुजींनी याचे उदाहरण दिले. बैल एकाचे आणि बंडी दुसऱ्याची असेल तर बंडीचे चाक कोणी बदलायचे ?

तिसरे कारण जुने रूळ. रूळ आणि पूल म्हातारे झाले. मग गाडीचा वेग आणखी कमी करावा लागला. वेग कमी झाला म्हणून लोक कमी झाले. लोक कमी झाले म्हणून खर्च कमी केला. असे चक्र चालले. शेवटी २०२० सालाच्या आधीच दोन्ही फाट्यांवरील गाड्या बंद झाल्या. मी तेव्हा फार लहान होते. मला गाडी आठवत नाही. मला फक्त स्टेशन माहीत आहे.

लोक मात्र शकुंतलेला विसरले नाहीत. तिच्यासाठी मोर्चे निघाले, सत्याग्रह झाले. तिचे रूळ मोठे करा आणि ती पुन्हा सुरू करा, अशी लोकांची मागणी आहे.

आमचे म्हणणे

आता मी पालकांना काही सांगणार आहे. आपली शाळा चौथीपर्यंत आहे. पुढच्या जूनमध्ये आम्हाला पाचवीसाठी ६ किलोमीटर लांब जावे लागेल. आमच्या वर्गात आठ मुली आहेत. मुलींना एसटीचा पास फुकट मिळतो हे खरे, पण बस फाट्यावर थांबते आणि फाट्यावर सावली नाही. पाऊस आला तर उभे राहायला जागा नाही. गेल्या वर्षी चौथी झालेल्या दोन ताया दिवाळीनंतर शाळेत गेल्याच नाहीत. कारण विचारले तर घरचे सांगतात, “तिथं पोरी एकट्या उभ्या राहतात.”

मी स्टेशनापासून फाट्यापर्यंत पावले मोजली. माझी ३१० पावले झाली. म्हणजे फार लांब नाही. स्टेशनाची ओसरी अजून चांगली आहे. टिनाचे चार पत्रे फक्त उडाले आहेत. बस स्टेशनाजवळ थांबली तर आम्हाला ओसरीत बसता येईल. तेथून रस्ता दिसतो आणि गावही दिसते. गुरुजी म्हणाले, ती जागा आणि ती इमारत आपल्या मालकीची नाही, म्हणून आधी परवानगी मागावी लागेल. त्यासाठी ग्रामसभेचा ठराव आणि अर्ज लागतो. बससाठी आगाराला दुसरा अर्ज लागतो. म्हणजे दोन अर्ज. ते मोठ्या माणसांनीच केले पाहिजेत. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा, अशी आम्हा चौथीच्या मुलांची विनंती आहे.

आणखी एक विनंती. काही लोक स्टेशनाचे दगड आणि लोखंड काढून नेतात. दार गेले, बाक गेला. गँगमन आजोबांनी आयुष्यभर ठोकलेल्या चाव्या भंगारात गेल्या. असे कोणी करू नये. मोठे रूळ येतील तेव्हा येतील, पण तोपर्यंत ओसरी तरी उभी राहिली पाहिजे.

आत्याने मला सांगितले की, ती शाळेत जाऊ शकली ती गाडीमुळे. मी तिला म्हटले, तू सांगितलेस की सगळ्यांना तुमची नावे माहीत होती. आमचीही नावे बसच्या कंडक्टरला आणि रस्त्यावरच्या दुकानदारांना माहीत झाली, तर आम्हीही जाऊ. आत्या अर्ज लिहून द्यायला तयार आहे. तिचे अक्षर चांगले आहे.

सांगा पाहू !
१. शकुंतला रेल्वेचे दोन फाटे कोणकोणत्या गावांना जातात ?
२. आपल्या भागात ही रेल्वे का बांधली ?
३. मूर्तिजापूरला माल उतरवून पुन्हा का चढवावा लागे ?
४. रुळांच्या जोडावर फट का ठेवतात ?
५. इंजिनाने किती वर्षे काम केले ? वजाबाकी करून दाखवा.
६. घरी जाऊन आजी-आजोबांना विचारा : तुम्ही शकुंतलेने शेवटचे कोठे गेला होता ? उत्तर वहीत लिहून आणा.
७. (हा प्रश्न पालकांसाठी आहे.) स्टेशनापासून फाटा किती पावले आहे ? एकदा चालून पाहा.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता चौथी